कापलेल्या अक्षराची पाठ

३ जानेवारी १८५४ ला इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किनने रोजनिशीत एक आखूड नोंद केली. संध्याकाळी मिस्सल, म्हणजे मिस्साविधीचं हस्तलिखित प्रार्थनापुस्तक, कापलं, कष्टाचं काम होतं, एवढाच तिचा मथितार्थ. दोनच दिवस आधी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, त्याच पुस्तकाची दोन पानं चौकटीत बसवल्याची नोंद आहे. रस्किन तेव्हा चौतीस वर्षांचा होता. जुन्या दगडी कोरीवकामावर नवा हात फिरवणाऱ्यांना तो गुन्हेगार मानायचा, आणि मध्ययुगीन हस्तलिखितांवर त्याचं प्रेम खरंखुरं होतं. म्हणून तर ही नोंद मनात काट्यासारखी रुतून राहते. तीत खंत नाही, संकोच नाही. दिवसभराच्या कामांपैकी एक काम, आणि त्याने हात दुखले, इतकंच. आणि हात दुखले ही तक्रार खरीच असणार. चर्मपत्र कागदासारखं फाटत नाही. वासराचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात आठ-दहा दिवस मुरवायचं, केस आणि मांस खरवडून काढायचे, मग लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणून बांधायचं आणि ताणलेलं असतानाच चंद्रकोरीसारख्या पात्याने तासत तासत सुकवायचं, तेव्हा एक पान तयार होतं. ते चिवट असतं. सुरी जरा बोथट झाली की रेषा सुटते. जोर वाढवला की पातं खालच्या पानातही उतरतं. अनेक जुन्या गानग्रंथांत, जिथे चित्र कापून नेलंय तिथे, पुढच्या पानावर त्याच चौकोनाची पुसट खूण दिसते. कापणाऱ्याला हवं होतं एक पान आणि जखमी झाली दोन.

आपली पोथी सुटी असते. पानं एकावर एक, खाली-वर लाकडी फळ्या, भोवती रुमालाचं बासन. तिचं पान हरवायला सुरी लागत नाही, गाठ सैल राहिली तरी पुरतं. युरोपातलं हस्तलिखित शिवलेलं असतं. एक लांब चर्मपत्र मधोमध दुमडायचं, अशी चार किंवा पाच एकात एक घालून जुडी करायची आणि दुमडीतून दोरा ओवायचा. म्हणजे प्रत्येक पानाला दुमडीपलीकडे एक जुळं पान असतं. एक मुळाशी कापलं की दुसऱ्याचा आधार जातो, ते सैल होतं आणि यथावकाश गळून पडतं. राजकन्येसाठी रंगवलेल्या प्रार्थनापुस्तकातलं एक चित्र गेलं, तर त्याबरोबर एक अगदी साधं, केवळ मजकुराचं पानही निराधार होतं. त्या दुसऱ्या पानाची नोंद कुठल्याच लिलावाच्या यादीत नसते.

कापण्याजोगं काय होतं, तेही सावकाश पाहायला हवं. मठातल्या समूहगानाचं पुस्तक म्हणजे हातात धरून वाचायची वस्तू नव्हे. अर्धा ते पाऊण मीटर उंचीचं ते धूड लाकडी घोडीवर उघडं ठेवायचे आणि वीस-पंचवीस संन्यासी मेणबत्तीच्या उजेडात एकाच पानावर डोळे लावून गायचे. अक्षरं बोटाएवढी, वर चार तांबड्या रेषांवर चौकोनी स्वरचिन्हं. सण मोठा असेल तर गाण्याचं पहिलं अक्षर तळहाताएवढं होई आणि त्याच्या पोटात त्या सणाची कथा रंगवलेली असे. सोनं आधी, रंग नंतर, हा क्रम ठरलेला. बारीक जिप्सम, त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी शिशाचा सफेदा, चिमूटभर साखर, रंगापुरती आर्मेनियन तांबडी माती, हे सगळं अंड्याच्या पांढऱ्यात घोटून लेप करायचा, अशी कृती जुन्या इटालियन चित्रकार चेन्नीनीने लिहून ठेवली आहे. हा लेप पिसाच्या टोकाने तीन-चार थरांत चढवायचा म्हणजे अक्षर पानावर फुगवटा आल्यासारखं उचलून येतं. सुकल्यावर पात्याने गुळगुळीत करायचं. मग एका नळीतून त्यावर उबदार श्वास सोडायचा, त्या ओलीने लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख टाकायचा आणि रेशमी कापडावरून दाबायचा. शेवटी कुत्र्याच्या सुळ्याने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचं. यात फसण्याच्या जागा भरपूर. साखर कमी पडली तर पान वळताना सोनं तडकतं. जास्त झाली तर ती हवेतलं पाणी ओढते आणि लेप कधीच पुरता सुकत नाही. पावसाळी दिवस असेल तर वर्ख नको तिथेही चिकटतो. रंगांत हिंगूळ, सफेदा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द, आणि जंगाल. तांब्यापासूनचा हा हिरवा दिसायला देखणा, पण चर्मपत्राला आतून खात जातो. कित्येक पानांच्या पाठीवर हिरव्या झग्याचा तपकिरी डाग उमटलेला दिसतो. आणि शेंदूर. शेंदराचं लॅटिन नाव मिनियम, त्यावरून शेंदराने अक्षर रंगवण्याचं क्रियापद, आणि त्यातून मिनिएचर हा शब्द. लहान आकाराशी त्याचा मुळात संबंध नव्हता. ज्या शेंदराने आपण म्हसोबाचा दगड माखतो, त्याच शेंदराच्या नावाने युरोपातली सगळ्यात नाजूक चित्रं ओळखली जातात, हे मला फार आवडतं.

असे हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी बेवारस झाले. आधी फ्रान्समध्ये क्रांतीने मठ बंद केले, मग नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या. १७९८ मध्ये फ्रेंचांनी रोम घेतलं तेव्हा सिस्टिन चॅपेलच्या सामानकक्षातले गानग्रंथ लुटले गेले. इतक्या जड पुस्तकांना गिऱ्हाईक कोण? चर्मपत्राला मात्र होतं. बांधणीवाल्यांना पुठ्ठ्यावर चढवायला ते हवं असे आणि सरस उकळणाऱ्यांना तर ते कातडंच. या बाजारात शिरला लुईजी चेलोत्ती, व्हेनिसचा धर्मगुरू आणि पक्का व्यापारी. २६ मे १८२५ ला लंडनच्या क्रिस्टीजमध्ये त्याने ९७ लॉट विकायला मांडले. केवळ कापलेल्या चित्रांचा असा स्वतंत्र लिलाव त्याआधी झालेला नव्हता. चेलोत्तीची हातोटी अशी की तो सुटं अक्षर तसंच विकत नसे. एका पानातलं चित्र मध्ये, दुसऱ्या पानांच्या समासातल्या वेलबुट्टीच्या पट्ट्या कापून चारी बाजूंना, कुठून तरी पोपचं नाव असलेली सोनेरी अक्षरं, असं सगळं एकत्र चिकटवून तो भिंतीवर टांगण्याजोगी तसबीर बनवायचा. कवी सॅम्युएल रॉजर्सने घेतलेले असे तुकडे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांचे जोड शोधायला बसलं की कौतुक आणि राग एकत्रच येतात, कारण जोड फार सफाईने घातलेले आहेत.

त्या लिलावाची यादी लिहिली विल्यम यंग ऑटलीने. हा माणूस स्वतः मोठा संग्राहक, पुढे ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागाचा प्रमुख झाला. इटलीत राहिलेला, राफाएलच्या आधीचे चित्रकार इंग्लंडमध्ये कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून त्यांच्या मागे लागलेला. त्याच्याकडे फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल्यी आंजेली मठातल्या गानग्रंथांची अक्षरं होती, चौदाव्या शतकातल्या दॉन सिल्व्हेस्त्रो या संन्याशाने रंगवलेली. या मठाबद्दल सोळाव्या शतकातला चित्रकारांचा चरित्रकार वसारी सांगतो की तिथल्या लेखकाचे आणि चित्रकाराचे हात त्यांच्या मृत्यूनंतर संन्याशांनी एका पेटीत जपून ठेवले होते. ज्या हातांनी अक्षर घडवलं तेही पूज्य मानणारं हे घर. तिथल्या अक्षरांचे पुढे चौकोन झाले आणि न्यूयॉर्क, लंडन, क्लीव्हलंड अशा गावी वाटले गेले. ऑटलीसारख्यांनी ती उचलली नसती तर सरसाच्या काहिलीत गेली असती का? काही नक्कीच गेली असती. पण सगळीच नाही. काही ग्रंथ त्या धामधुमीतही शाबूत राहून ग्रंथालयांत पोचले, आणि काहींवर सुरी चालली ती ते सुरक्षित झाल्यानंतर, कारण आख्ख्या ग्रंथापेक्षा सुट्या चित्रांचे पैसे जास्त येत. वाचवण्यासाठी कापलं हे समर्थन त्यामुळे मला निम्मंच पटतं.

एक गोष्ट मात्र या सर्व संग्राहकांत सारखी. त्यांनी पाठ पाहिली नाही.

कापलेल्या अक्षराच्या मागे जे असतं त्याला बाजारात किंमत नव्हती, म्हणून ते बहुधा पुठ्ठ्यावर चिकटवून बुजवलं गेलं. आणि पुस्तक तर तिथेच शिल्लक असतं. उदाहरणार्थ एक आर अक्षर घ्या, त्याच्या पोटात थडग्यातून बाहेर पडणारा येशू. लॅटिन गानात आरने सुरू होणारी मोठी प्रवेशगीतं थोडी. ‘रोराते’ हे आगमनकाळातलं, ‘रेक्विएम’ हे मृतांसाठीचं, ‘रेसुर्रेक्सी’ हे ईस्टरच्या दिवसाचं. चित्रात पुनरुत्थान आहे तेव्हा हे तिसरं, आणि ते मिस्साबलीचं गाणं असल्याने पुस्तक ‘ग्रॅज्युअल’ जातीचं. रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनांचं असतं तर ईस्टरचं मोठं अक्षर ए आलं असतं, ‘आंजेलुस दोमिनी’चं. आता पाठ वाचायची. तिथे ‘हेक दिएस’ची अक्षरं सापडली, तर ते ईस्टरचंच पुढचं गान, म्हणजे चित्र पानाच्या पुढच्या बाजूवर होतं. आदल्या शनिवारच्या जागरणातलं काही सापडलं, तर चित्र मागच्या बाजूवर. मग मोजपट्टी. चार रेषांपैकी सर्वांत खालच्या रेषेपासून वरच्या रेषेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं. या रेषा अनेकदा चार टोकांच्या एकाच लेखणीने एका दमात ओढलेल्या असतात, त्यामुळे एका ग्रंथात हे अंतर जवळपास कायम राहतं. दोन शहरांतल्या दोन तुकड्यांचं अंतर जुळलं, लेखकाचं वळण जुळलं आणि मजकूर एकमेकांना लागून आला, की ते भावंडं म्हणायला हरकत नाही. कातड्याच्या बाजूही साक्ष देतात. केसांची बाजू पिवळसर, बारीक ठिपक्यांची. मांसाची बाजू पांढरी. शिवताना केसाला केस आणि मांसाला मांस समोरासमोर येईल असं ठेवायचे. त्यावरून शेजारी कोण बसत होतं याचा अंदाज येतो. कधी समोरच्या पानावरच्या सोन्याचा किंवा तांबड्याचा पुसट, आरशातला ठसा मिळतो. पाचशे वर्षं दोन पानं एकमेकांना चिकटून मिटलेली होती, त्याची ती खूण.

पाठ गेली की काय जातं, हे फ्रेंच चित्रकार झां फूकेने राजाचा खजिनदार एत्येन शव्हालिए याच्यासाठी रंगवलेल्या प्रार्थनापुस्तकाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यातलं हे काम. त्याची ४७ चित्रं आज माहीत आहेत. त्यांतली ४० फ्रँकफर्टच्या गेओर्ग ब्रेन्टानोने १८०५ मध्ये घेतली आणि १८९१ मध्ये ती ओमालच्या ड्यूककडे, फ्रान्समधल्या शांतिईला आली. ही चाळीस लाकडी फळ्यांवर चिकटवलेली आहेत. चित्राखाली प्रार्थनेच्या ज्या दोन-चार ओळी सुरू होत होत्या त्या कुणाला तरी अपुऱ्या, ओंगळ वाटल्या असाव्यात. त्यांवर फुलापानांच्या पट्ट्या लावून मजकूर झाकला. चित्र पूर्ण दिसतं, प्रार्थना कळत नाही. उरलेली मोजकी पानं वेगळ्या वाटांनी लूव्हर, ब्रिटिश लायब्ररी, मेट्रोपॉलिटन अशा ठिकाणी गेली. जिथे पाठ वाचता येते, तिथूनच मूळ ग्रंथाचा मजकूर आणि क्रम यांचा धागा लागतो. चाळीस उत्कृष्ट चित्रं मुकी, आणि बोलणारी ती भटकी.

मग फळीवरून किंवा पुठ्ठ्यावरून सोडवत का नाहीत, असं वाटतं. सोडवतात, पण काम विलक्षण जोखमीचं. चर्मपत्र म्हणजे अखेर कातडी. ती दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. तिला चारी कडांनी पुठ्ठ्याला जखडलं की हलायला जागा राहत नाही, ती ढोलकीच्या पुडीसारखी ताणते आणि सगळा ताण रंगाच्या थरावर येतो. सोन्याचा लेप ताठ असल्याने आधी तो तडकतो, मग त्याच्या खपल्या उठतात. म्हणून पाठीला हात लावण्यापूर्वी पुढच्या बाजूची डागडुजी. सूक्ष्मदर्शकाखाली, एका केसाच्या कुंचल्याने, माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला एक-दोन टक्क्यांचा पातळ सरस प्रत्येक खपलीच्या कडेला टेकवायचा. तो आपसूक आत ओढला जातो. त्यानंतर चित्र उपडं घालून पुठ्ठा मागून, थर थर करत, कोरडाच तासायचा, शेवटचा पापुद्रा उरेपर्यंत. त्या पापुद्र्यावर मिथाइलसेल्युलोजचा घट्ट लगदा टाचणीच्या डोक्याएवढ्या ते नखाएवढ्या जागेत दोन-तीन मिनिटं ठेवायचा, मऊ झालेला जुना सरस बोथट पात्याने उचलायचा, थांबायचं, सुकू द्यायचं, मग पुढचं नख. पाण्यात भिजवणं तर दूरच, ओलं फडकंही नको. जुनाट झालेलं चर्मपत्र ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की शिजल्यासारखं होऊन जिलेटीन बनतं, आणि ते परत कातडं होत नाही. एका पोस्टकार्डाएवढ्या तुकड्याला असे आठवडे जातात. सोडवलेला तुकडा मग चिकटवत नाहीत, जपानी कागदाच्या बारीक बिजागऱ्यांवर टांगतात, हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवतात आणि उजेड ५० लक्सच्या वर जाऊ देत नाहीत. बिजागरीमुळे आता पाठ उलटून पाहता येते, माझ्या लेखी हे सगळ्यात मोलाचं.

पाठीनेच खोटेपणाही पकडून दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला एक निनावी चित्रकार जुन्या गानग्रंथांची खरी पानं घ्यायचा, एक बाजू खरवडायचा आणि तिथे ‘मध्ययुगीन’ मेजवान्या, शिकारी, बोटीतल्या राण्या रंगवायचा. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीच्या बेल द कोस्टा ग्रीनने त्याच्या कामाचा गट वेगळा काढला. एक चित्र स्पॅनिश चित्रकाराच्या नावावर खपवलं गेलं होतं, म्हणून त्याला स्पॅनिश फोर्जर म्हणू लागले. त्याच्या हिरव्यात तांबं आणि आर्सेनिक निघालं, आणि असा हिरवा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी नव्हताच. पण प्रयोगशाळेच्या आधी डोळ्यांनाही कळण्याजोगं होतं. पुढे जलक्रीडा आणि मागे उपासनेचं गान, अशी जोडी खऱ्या ग्रंथात कशी जमेल?

विसाव्या शतकात तर समर्थन आणखी गोड झालं. क्लीव्हलंडचा ऑटो एगी हा कलाशिक्षक ग्रंथ सुटे करून त्यांची पानं पेट्यांत घालून विकायचा. ‘पन्नास मूळ पानां’च्या त्याच्या ४० पेट्या प्रसिद्ध आहेत. जे कधी आख्खं हस्तलिखित घेऊ शकणार नाहीत त्यांच्या हाती एक पान तरी यावं, असं तो म्हणे. हा विचार खोटा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यावर नुसतं रागावून भागत नाही. अमेरिकेतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मध्ययुगाला पहिला स्पर्श केला तो त्याच्या पानातून. पण फ्रान्समधल्या बोव्हेच्या मिस्सलचं काय झालं ते पाहा. तेराव्या शतकातलं, तीनशेहून अधिक पानांचं हे पुस्तक अमेरिकन वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टकडे १९४२ पर्यंत धड होतं. त्या वर्षी ते विकलं गेलं आणि न्यूयॉर्कचा पुस्तकविक्रेता फिलिप डुश्नेस याने आणि एगीने त्याची पानं सुटी केली. ना तिथे क्रांती होती, ना लूट, ना सरसाची काहिली. हस्तलिखितांच्या अभ्यासक लिसा फेगिन डेव्हिस यांनी वर्षानुवर्षं माग काढत शंभराहून जास्त पानं शोधली आणि त्यांची छायाचित्रं पडद्यावर पुन्हा ओळीने लावली. काही पानं शाळांत निघाली, काही घरांच्या भिंतींवर, काचेमागे, उन्हात.

रस्किनकडे फिरून यायचं तर, त्यानेही पानं वाटलीच. १२९० मधले बोप्रेच्या मठाचे गानग्रंथ त्याच्याकडे होते. त्यांतली पानं त्याने काढली आणि शिकवण्यासाठी दिली. फ्रान्सच्या राजाची बहीण इझाबेल हिच्यासाठी केलेलं स्तोत्रपुस्तकही त्याच्याकडे होतं. त्यातली काही पानं ऑक्सफर्डच्या चित्रशाळेत गेली, काही अटलांटिकपार त्याचा मित्र चार्ल्स एलियट नॉर्टन याच्याकडे. विद्यार्थ्यांनी समोर ठेवून ती वेल, ते निळं, ती रेषा गिरवावी, ही त्याची तळमळ होती, आणि लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयानेही त्याच काळात हेच म्हणत शेकडो कात्रणं विकत घेतली. इझाबेलच्या पुस्तकाचं दैव चांगलं. संग्राहक हेन्री येट्स थॉम्पसनने एकेका पानामागे लागून ती परत मिळवली, ग्रंथ पुन्हा जुळवला, आणि १९१९ पासून तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. दिलेलं पान मागून घेणं किती अवघड गेलं असेल, देणारा आणि घेणारा दोघेही त्याच्यावर प्रेमच करत असताना.

पान मुळाशी कापतात तेव्हा सुरी शिवणीपर्यंत पोचत नाही. दुमडीत काही मिलिमीटर रुंदीची पट्टी राहून जाते. ग्रंथ पूर्ण उघडला की ती आतल्या आत उभी दिसते. तिच्यावर मजकूर नसतो, पण कधी कधी समासातल्या वेलीची निळी-तांबडी टोकं तिथवर आलेली असतात, दोन-तीन, पिसाच्या लेखणीने एका झटक्यात ओढलेली आणि अधेमध्येच थांबलेली. त्या टोकांची उरलेली वेल दुसऱ्या कुठल्या तरी गावात एका चौकटीच्या डाव्या कडेपाशी सुरू होते.